नऊवाले काका

इस्पितळाच्या वेबसाइटचं सगळं काम ज्या बाईच्या अंगावर होतं, तिला तिथे शिपायापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे वेबताई म्हणत. तिची खोली तळमजल्यावर, जिन्याखाली होती. पूर्वी तिथे चादरी आणि उशांचे अभ्रे ठेवत. भिंतीपलीकडे धुलाईघर होतं. मशीन सुरू झालं की तिच्या टेबलावरचा कप थरथरत थरथरत कडेला सरकायचा आणि वेबताई टाइप करता करता, न बघताच तो मागे ओढायची. बारा वर्षांत एकही कप फुटला नव्हता.

त्या महिन्यात डायलिसिस विभागाची दोन मशीनं बिघडली. सुटे भाग येईनात. उरलेल्या सहा मशीनवर आठांचं काम भागवायचं, म्हणून रुग्णांचे चार गट पाडले होते आणि दर शनिवारी दुपारी पुढच्या आठवड्याचं वेळापत्रक नव्याने लागत होतं. ते वेबसाइटवर चढवायचं काम वेबताईचं. वेळापत्रक बदलायचं आणि मग त्या पानाची कॅश रिकामी करायची. म्हणजे असं, की वेबसाइट प्रत्येक माणसासाठी पान नव्याने जुळवत बसत नाही; एकदा जुळवलेल्या पानाची तयार प्रत बाजूला ठेवते आणि मागेल त्याला तीच देते. पान बदललं की जुनी प्रत फेकावी लागते, नाहीतर लोकांना शिळंच पान दिसत राहतं. वेबताईच्या पडद्यावर त्यासाठी एक बटण होतं. ती ते न विसरता दाबायची आणि पान उघडून नवं वेळापत्रक दिसतंय ना, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायची.

तरीही पहिल्याच सोमवारी स्वागतकक्षातल्या सिस्टरचा फोन आला. सिस्टर मनाने चांगली, पण तोंडाने फटकळ.

"वेबताई, क गटाचे एक काका काकूंना घेऊन नऊला येऊन बसलेत. त्यांची वेळ साडेअकराची. म्हणतात, वेबसाइटवर नऊ लिहिलंय."

वेबताईने पान उघडलं. क गट, साडेअकरा. "बरोबर आहे इथे," ती म्हणाली. "जुनं बघून आले असतील."

काका अडीच तास बाकावर बसून राहिले. सिस्टरने बुधवारची आणि शुक्रवारची वेळ कागदावर लिहून दिली, त्या वेळेला ते बरोबर आले. पण पुढच्या सोमवारी पुन्हा नऊला हजर. त्या आठवड्यात क गटाची वेळ दहाची होती. तेव्हापासून सिस्टरने त्यांचं नाव पाडलं, नऊवाले काका. नाव विभागभर झालं. वॉर्डमधल्या बाया ते प्रेमानेच घेत, पण हसतही.

काकांनी मात्र रीतसर तक्रार केली. ती नोंदवहीत उतरली आणि वेबताईने त्यांना फोन लावला.

"काका, तुमच्या कॉम्प्युटरमध्येच जुनं पान अडकून बसलं असेल. मी सांगते तसं करा."

"सांगा. लिहून घेतो," काका म्हणाले. आवाज शांत, शब्द सुटे सुटे.

तिने ब्राउझरचा इतिहास पुसायला सांगितला. त्यांनी पुसला. कॉम्प्युटर बंद करून सुरू करायला सांगितला. केला. मग पत्ता टाइप करायला सांगितला आणि काय टाइप केलंत ते अक्षर अक्षर वाचून दाखवा म्हणाली. काकांनी इस्पितळाचं नाव वाचलं, मधला डॉट वाचला, तिरपी रेघ वाचली, मग "टी, आय, एम, ई..." करत टाइमटेबल हा अख्खा शब्द वाचला. कुठे एक अक्षर इकडचं तिकडे नव्हतं.

"आता काय दिसतंय?"

"क गट, सकाळी नऊ."

वेबताईने कपाळ चोळलं. तिच्यासमोर दहा होते. तिने पुन्हा कॅशचं बटण दाबलं, काकांना पुन्हा बघायला लावलं. नऊ. अर्ध्या तासाने तिने हात टेकले.

"काका, घरात दुसरं कुणी आहे का? त्यांना त्यांच्या फोनवर बघायला सांगाल?"

संध्याकाळी काकांच्या मुलीचा फोन आला. ती एका शाळेत शिकवायची. मागे मुलांचा गलका ऐकू येत होता. इस्पितळाकडून गटातल्या सगळ्यांना मेसेज जायचा, काकूंच्या नावाचा तिच्या फोनवर यायचा. त्यातल्या दुव्यावर तिने बोट ठेवलं होतं. तिला दहाच दिसत होते.

"तुमचं काही चुकलेलं नाही," मुलगी म्हणाली. "बाबांचं वय झालंय. मागच्या महिन्यात गॅस तसाच चालू राहिला होता. चष्मा डोक्यावर आणि शोधतायत घरभर. आम्ही बघतोय काय करायचं ते. तुम्हाला उगाच त्रास झाला."

"त्रास कसला," वेबताई म्हणाली, आणि खरं सांगायचं तर तिला हायसं वाटलं. तिने नोंदवही ओढली आणि तक्रारीसमोर लिहिलं, 'तांत्रिक दोष आढळला नाही. रुग्णाच्या नातेवाइकाचा वयोमानामुळे गोंधळ.' खाली सही ठोकली.

तिसऱ्या सोमवारी क गटाची वेळ पहाटेची, साडेसहाची लागली. त्या शनिवारचा मेसेज मुलीच्या फोनात न उघडताच पडला होता. काका काकूंना घेऊन आले ते नऊला.

वेबताई तेव्हा स्वागतकक्षातला टोकन नंबर दाखवणारा पडदा दुरुस्त करायला स्टुलावर चढलेली होती, म्हणून तिला सगळं दिसलं. काकू चाकांच्या खुर्चीत. पाय सुजून चपलांचे पट्टे रुतलेले. शनिवार-रविवार दोन दिवस डायलिसिस नसल्यामुळे सोमवारी त्यांना दम लागायचाच. त्या दिवशी बोलतानाही लागत होता. काका काउंटरपाशी उभे, बगलेत फाइल.

"काका, तुमची खुर्ची साडेसहाला गेली हो," सिस्टर म्हणाली. या वेळी तिच्या आवाजात चेष्टा नव्हती. "वाट बघून दुसऱ्याला दिली. आता एकदम चारला रिकामी होईल."

"चारला," काका म्हणाले. एवढंच. त्यांनी वेबसाइटचं नावही काढलं नाही.

डॉक्टरांनी येऊन काकूंना तपासलं, ऑक्सिजन लावला, घाबरू नका पण नजर ठेवा म्हणून सिस्टरला बजावलं. तासाभरात मुलगी शाळेतून धावत आली, हाताला खडूची पांढरी भुकटी तशीच. आईच्या कपाळावर हात ठेवला, आणि मग वडिलांकडे वळली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं वेबताईला वाटलं.

"बाबा, बुधवारपासून आईला मी आणणार. तुम्ही घरी थांबायचं."

"बरं," काका म्हणाले.

"आणि तुमच्यासाठी एका डॉक्टरांची वेळ घेतलीय. विसराळूपणावरचे आहेत. नाही म्हणू नका."

"नाही म्हणत."

स्टुलावर उभ्या वेबताईच्या हातातला स्क्रू खाली पडला, तो शोधायच्या निमित्ताने ती उतरली आणि तिथून निघून गेली. खोलीत येऊन तिने वेळापत्रकाचं पान उघडलं. साडेसहा. उगाचच पुन्हा कॅश रिकामी केली. मग नोंदवहीतलं स्वतःचं वाक्य वाचलं. त्यातला 'वयोमानामुळे' हा शब्द तिला टोचायला लागला. तो लिहायचं तिला कुणी सांगितलं नव्हतं. काकांचं वय तिने विचारलंही नव्हतं.

बुधवारी सकाळी दारावर टकटक झाली. बघते तर नऊवाले काका. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, हातात कागदाची घडी.

"येऊ का? आज मशीन उशिरा मिळालं, मंडळींना आत्ताच नऊला घेतलंय. चार तास आहेत मला. मुलगी सोडून शाळेत गेली. मला घरी थांब म्हणाली होती," ते किंचित ओशाळून म्हणाले, "पण मी आलो मागच्या सीटवर बसून. काही बोलली नाही."

वेबताईने खुर्चीवरच्या वायरी उचलल्या. काका बसले आणि घडी उलगडून तिच्यासमोर ठेवली.

"तक्रार नाही ही. तुमच्या उपयोगाला आलं तर बघा."

कागदावर स्वच्छ छापलेला तक्ता होता. दिनांक, वेळ, काय केलं, काय दिसलं. अठरा नोंदी. 'सूचनेप्रमाणे इतिहास पुसला. नऊ दिसले.' 'यंत्र दहा मिनिटे बंद ठेवले. नऊ दिसले.' 'शेजाऱ्यांच्या यंत्रावर पाहिले. नऊ दिसले.' कडा सरळ, रकाने सारखे, शुद्धलेखनाची एक चूक नाही.

वेबताई शेजाऱ्यांच्या नोंदीवर थबकली.

"शेजाऱ्यांकडे त्यांनी बघितलं, की तुम्ही?"

"मीच टाइप केलं. त्यांना सवय नाही. म्हणजे मला आहे. चौतीस वर्षं टंकलेखक होतो मी, कचेरीत. आधी टाइपरायटर, मग हे."

दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर, जिथे हे पान कधी उघडलंच नव्हतं, तिथेही नऊ. मग काकांच्या कॉम्प्युटरमध्ये जुनं पान अडकलंय, ही तिची समजूत एका फटक्यात बाद होत होती. ती उठली आणि तिने स्वतःची खुर्ची रिकामी केली.

"काका, इथे बसा. माझ्या मशीनवर उघडून दाखवा."

काकांनी चष्मा पुसला. कीबोर्ड जरा तिरका होता, तो टेबलाच्या कडेशी सरळ केला. मग खिशातून एक निळं कार्ड काढून त्याकडे बघत, बोटांकडे एकदाही न बघता, त्यांनी पत्ता टाइप केला आणि एंटर दाबलं.

क गट, सकाळी नऊ.

वेबताई बघतच राहिली. तिच्या खोलीत, तिच्या कॉम्प्युटरवर, जे पान तिने गेल्या तीन आठवड्यांत पन्नासदा उघडलं होतं, तेच पान जुनं वेळापत्रक दाखवत होतं. काका मागे वळून बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आपलं खरं ठरल्याचा आनंद नव्हता. भीती होती. जणू तिलाही ते दिसतंय की नाही, याची खात्री नसावी.

"दिसतंय का तुम्हाला? नऊ?"

"दिसतंय काका," ती म्हणाली. "नऊच दिसतंय."

काकांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि जोराने श्वास सोडला.

"पुन्हा एकदा करा. अगदी सावकाश."

या वेळी तिने पडद्याकडे बघितलंच नाही. ती त्यांच्या बोटांकडे बघत होती. इस्पितळाचं नाव, डॉट, तिरपी रेघ. आणि टाइमटेबलच्या पहिल्या अक्षराला उजव्या हाताची करंगळी अलगद शिफ्टवर गेली, डाव्या बोटाने टी दाबला, करंगळी परत जागेवर आली. इतकं झटकन, की मुद्दाम बघितल्याशिवाय कळलं नसतं.

"टी कॅपिटल का काढलात?"

काकांना प्रश्नच समजला नाही. त्यांनी कार्ड तिच्यापुढे धरलं. डायलिसिसच्या रुग्णांना इस्पितळाने दिलेलं ते निळं कार्ड. खाली पत्ता छापला होता, आणि त्यात टाइमटेबलचा टी मोठा होता. छापखान्यात कुणाला तरी तो तसा शोभून दिसला असणार.

"इथे मोठा आहे," काका म्हणाले. "जसं लिहिलंय तसं टाइप करायचं, हीच तर नोकरी होती माझी."

कार्डावर पत्त्याच्या वर एक ओळ होती, 'वेळ वेबसाइटवर पाहूनच यावे. तोंडी सांगितलेली वेळ ग्राह्य धरू नये.' सिस्टर घसा कोरडा करून 'फोनवर विचारून येत जा' सांगत असताना हा माणूस दर सोमवारी नऊलाच का यायचा, याचाही उलगडा वेबताईला झाला. लिहिलेल्या हुकमाबाहेर जायचं त्याला माहीतच नव्हतं.

तिने कीबोर्ड ओढला. लहान टीने पत्ता टाइप केला, साडेसहा. मोठ्या टीने टाइप केला, नऊ. पुन्हा लहान, पुन्हा मोठा. फोनवर त्यांनी अक्षर अक्षर वाचून दाखवलं होतं खरं, पण वाचताना लहान टी काय आणि मोठा टी काय, कानाला सारखाच.

"काका, चूक आमची आहे," ती म्हणाली. "पानं जुळवणारं जे मशीन आहे ना, त्याला टी लहान की मोठा याने फरक पडत नाही, दोन्हीला ते तेच पान देतं. म्हणून तुम्हाला पान सापडलं, नाहीतर चुकीचा पत्ता म्हणून आलं असतं. पण तयार प्रती सांभाळणारं मशीन वेगळं. त्याच्या लेखी हे दोन वेगळे पत्ते, म्हणून त्याने दोन प्रती ठेवल्या. मी दर वेळी..."

"म्हणजे कागद एकच, पण कार्बन कॉप्या दोन," काका म्हणाले, "आणि तुम्ही एकच फाडत होतात."

"अगदी तसंच."

"दुसरी किती दिवस राहिली असती?"

तिने बघून सांगितलं, "दोन महिने. तेवीस दिवस झालेत तिला."

पलीकडे मशीनने वेग घेतला. वेबताईला वाटलं काका आता रागावतील, आणि रागवावं असंही वाटलं. पण ते खाली बघून म्हणाले, "मलाही वाटायला लागलं होतं हो. की मला दिसतंय ते तिथे नसणार. रविवारी रात्री मी मंडळींना पडद्यासमोर बसवलं, वाचा म्हटलं. त्या म्हणाल्या नऊ. तर मला वाटलं, माझं मन राखायला म्हणतायत."

वेबताई उठली आणि दोन कप चहा सांगून आली.

त्यानंतरचं काम तिने एका जागी बसून उरकलं. आधी मोठ्या टीच्या पत्त्यावरची जुनी प्रत फेकली. काकांनी पुन्हा टाइप केलं, साडेसहा दिसले, त्यांनी आपल्या तक्त्यात पेनाने एकोणिसावी नोंद केली. मग तिने वेबसाइट जिथे ठेवली होती त्या कंपनीत फोन लावला. तिथला इंजिनिअर आधी उडवाउडवी करत होता.

"मॅडम, हल्ली असं कॅपिटल टाकून कोण टाइप करतं? सगळे लिंकवरच क्लिक करतात."

"किती जण करतात ते मोजून सांगा ना," वेबताई म्हणाली. "मोठ्या टीच्या पत्त्यावर महिन्याभरात किती ठिकाणांहून लोक आले, एवढंच बघा."

दहा मिनिटांनी त्याचा उलटा फोन आला. आवाज बदललेला होता. एकोणचाळीस ठिकाणांहून.

त्याने मग खळखळ केली नाही. कुठलाही पत्ता आला की प्रत शोधायच्या आधी त्यातली सगळी अक्षरं लहान करून घ्यायची, असा नियम त्याने दुपारपर्यंत बसवला. वेबताईने तो सगळ्या तऱ्हांनी तपासला. पहिलं अक्षर मोठं, शेवटचं मोठं, मधलंच एखादं मोठं, सगळीच मोठी. वेळापत्रक बदलून बघितलं, कॅश रिकामी केली, सगळीकडे एकच पान. मग तिने बाह्यरुग्ण विभागाचं आणि रक्तपेढीचं पानही बघितलं. रक्तपेढीच्या पानावर मोठ्या अक्षराच्या पत्त्याला बदलीवर गेलेल्या डॉक्टरांचा फोन नंबर अजून दिसत होता. तोही गेला.

एकोणचाळीसचा आकडा तिने जाऊन सिस्टरला सांगितला. सिस्टर नोंदी लिहिता लिहिता थांबली.

"ती काठी घेऊन येणारी बाई," ती हळूच म्हणाली. "दोनदा चुकीच्या वेळेला आली. मी म्हटलं, बाई, तुम्हाला घड्याळ कळतं का. ती म्हणाली, माझंच चुकलं असेल. आणि तो बस कंडक्टर. त्याने तर माझी माफी मागितली."

"फोन करूया सगळ्यांना," वेबताई म्हणाली.

"मी करते. मीच बोलले होते त्यांना."

अधीक्षकांकडे जाणं बाकी होतं. हा माणूस वाईट नव्हता, पण नोंदवहीत जितकं कमी लिहिलं जाईल तितकं बरं, अशा मताचा होता. सगळं ऐकून ते म्हणाले, "झालं ना ठीक? मग 'तांत्रिक अडचण दूर केली' एवढं लिहा. जास्त खोलात शिरू नका."

"साहेब, मी आधी लिहिलंय, त्या काकांचा वयोमानामुळे गोंधळ म्हणून. ते तसंच राहील."

"खाडाखोड नाही करायची नोंदवहीत."

"खोडत नाही. खाली लिहिते."

तिने त्यांच्यासमोर बसूनच लिहिलं, 'वरील नोंद चुकीची आहे. तक्रारदार पहिल्या दिवसापासून बरोबर होते. दोष वेबसाइटचा असून त्यामुळे आणखीही रुग्णांना चुकीची वेळ दिसली. तपास अपुरा ठेवल्याची जबाबदारी माझी.' अधीक्षकांनी ते दोनदा वाचलं. शेवटच्या वाक्यावर पेन टेकवून जरा थांबले. मग सही केली, आणि वही परत देताना विचारलं, "त्या काकूंची तब्येत कशी आहे आता?"

"आज बरी आहे."

"सोमवारी सात तास बसवलं आपण त्यांना," ते म्हणाले, आणि चष्मा काढून पुसत बसले.

मुलगी एक वाजता आईला न्यायला आली. वेबताईने तिला खोलीत बोलावलं आणि सांगत बसण्यापेक्षा दाखवलंच. जुन्या पानाचा फोटो तिने आधीच काढून ठेवला होता. मोठा टी, नऊ. लहान टी, साडेसहा. त्यानंतर काकांचा तक्ता पुढे ठेवला. मुलगी शिक्षिका होती, कागद वाचायची सवय असलेली. पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत तिने सगळा वाचला.

"हे त्यांनी मला दाखवलं नाही," ती म्हणाली.

"दाखवलं असतं तर बघितलं असतंत?" वेबताईने विचारलं, आणि लगेच तिला आपल्या बोलण्याचं वाईट वाटलं. "मी तरी कुठे बघितलं. फोनवर अर्धा तास त्यांच्याशी बोलले आणि त्यांचंच चुकतंय असं लिहून मोकळी झाले."

मुलगी कागदाची घडी घालत होती, उलगडत होती. "गॅस राहिला होता ना, तो त्यांनी नाही, मी ठेवला होता चालू. शाळेची घाई होती. नंतर आठवलं मला. पण तोवर मी सगळ्यांना सांगून बसले होते, आणि बाबाही म्हणाले, असेल, माझ्याकडूनच राहिला असेल." "आईचं काही बरं होणार नाही हे मला माहितीय. तिच्यावर तर चिडता येत नाही. त्यांच्यावर चिडत राहिले."

वेबताईने पाण्याचा ग्लास पुढे केला.

वरच्या मजल्यावर काकूंचं मशीन नुकतंच संपलं होतं. दंडावर पट्टी बांधून घेत त्या उशीला टेकून बसल्या होत्या, काका शेजारच्या स्टुलावर. मुलगी जाऊन वडिलांसमोर उभी राहिली.

"बाबा, शुक्रवारी आईला तुम्हीच आणा," ती म्हणाली. आवाज नीट निघत नव्हता. "वेबताईंनी दाखवलं मला."

"साडेसहाची वेळ आहे," काका म्हणाले. "पाचला उठावं लागेल. तू झोप, आम्ही जाऊ."

"मीपण येते."

"ये की मग."

काकू दोघांकडे आळीपाळीने बघत होत्या. "मी सांगत होते सगळ्यांना," त्या दम खात म्हणाल्या. "ह्यांचं काहीही चुकेल, पण टायपिंग नाही चुकायचं. लग्न ठरलं तेव्हा मला पत्र लिहिलं ते टाइप करून. त्यात समास सोडलेला, दिनांक, संदर्भ, सगळं. माझ्या वडिलांना वाटलं कचेरीतून नोटीस आली."

सिस्टर खळखळून हसली. काका कानापर्यंत लाल झाले.

विसराळूपणाच्या डॉक्टरांची वेळ मुलीने रद्द करते म्हटलं, पण काका नको म्हणाले. घेतलीय तर जाऊन येऊ; एकदा बघितलेलं बरं. ते खरंच गेले. काय झालं ते वेबताईला पुढच्या आठवड्यात काकूंकडून कळलं, त्या मशीनवर असताना. दुपारची वेळ होती. काका खाली औषधं आणायला गेले होते, आणि वेबताई हल्ली अधूनमधून वर चक्कर टाकायची.

"डॉक्टरांनी तासभर तपासलं ह्यांना," काकू सांगत होत्या. "शब्द लक्षात ठेवायला दिले, चित्रं काढायला लावली, शंभरातून सात सात वजा करायला लावले. म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम. पण ते नाही मला सांगायचं. तिथे बाहेर बसायला लागलं दोघांना, बराच वेळ. आणि तिथे ह्यांनी लेकीला सांगितलं म्हणे, की मी फार घाबरलो होतो. तुझी आई जाईल तेव्हा मला ते कळेल ना, आठवेल ना, याची भीती वाटत होती. असं म्हणाले. मला कधी बोलले नाहीत हो चाळीस वर्षांत असं काही."

"मग ताई काय म्हणाल्या?"

"ती काय म्हणणार. रडली असेल. येताना दोघं चालत आली, चांगलं तासभराचं अंतर आहे. मी घरी वाट बघतेय, मला वाटलं काहीतरी वाईट निघालं. तर दार उघडते तर दोघं कशावरून तरी हुज्जत घालत उभी, आणि हिच्या हातात ह्यांची चप्पल, तुटलेली. हे एका पायाने अनवाणी."

"कशावरून हुज्जत?"

"अहो, शंभरातून सात वजा करत गेलं की शेवटी किती उरतात, त्यावरून," काकू म्हणाल्या. "दोघांची उत्तरं वेगळी येत होती."

त्यांनी डोळे मिटले. नळीतून रक्त संथपणे फिरत होतं. वेबताई थोडा वेळ त्यांच्या पायांपाशी बसली, पांघरूण नीट केलं, आणि काका औषधांची पिशवी घेऊन दारात दिसले तेव्हा त्यांना जागा करून द्यायला उठली.